सहा सेकंद

ओठ घट्ट लावा. नाकाचा चिमटा राहू दे.
आता फुंका. फुंका, फुंका, फुंका,
संपलं असं वाटलं तरी फुंका.
ऊद्री, ऊद्री, इन्नू ऊद्री.
फूँको चाची, चुल्हा समझके फूँको.
दिवसातून तीस-चाळीस वेळा मी हे ओरडते
आणि संध्याकाळी अनगोळला घरी पोचते
तेव्हा घसा बसलेला असतो.
आई म्हणते, नुसतं मशीनपुढं बसायची नोकरी ना गं तुझी?

मशीन श्वासाची टेकडी काढतं.
धडधाकट माणसाची एका दमात वर चढते,
मग सरळ उतरते, येळ्ळूरच्या गडावरून पोरं उतरतात तशी.
दमेकऱ्याच्या उतरणीला खड्डा पडलेला असतो,
रात्रीतून कुणी मुरूम खणून नेल्यासारखा.

निंगाप्पा देसूरकर, वय एकावन्न.
उद्यमबागेत सव्वीस वर्षं साच्यांची वाळू चाळली.
त्याची टेकडी वारुळाएवढी.
तीनदा फुंकून त्यानं विचारलं,
"पास का नापास वो बाई?"
मी म्हटलं, ते डॉक्टर सांगतील.
डॉक्टरांनी थुंकीही तपासायला पाठवली.
आत वाळू बसलेली असली की क्षय लवकर धरतो म्हणाले,
रान आधीच नांगरून ठेवल्यागत.
महिन्याभरानं सून आली, कडेवर पोर घेऊन.
मग त्याच्या खोलीत राहणारा बिहारचा मुलगा,
ज्याच्या नावाचं स्पेलिंग मी दोनदा चुकले.

नीलव्वा तिसऱ्या गेटाजवळ उकडलेल्या शेंगा विकते.
फॉर्मवरचे प्रश्न मी वाचून दाखवले.
विडी? "छे."
तंबाखू? "मिश्री पण नाही."
चूल? "गॅस हाय."
मग काय आहे?
ती थोडी थांबली, खोकली, म्हणाली,
"गेट हाय."

मी खाली रकाना शोधला.
गेटाला रकाना नाही.

गेट पडतं तेव्हा टेम्पो, ट्रक, रिक्षा, शाळेची व्हॅन,
सगळे नाकाला नाक लावून उभे राहतात
आणि कुणीच इंजिन बंद करत नाही,
उघडल्यावर आपण मागे राहू म्हणून.
डिसेंबरात धुकं खाली उतरतं आणि धुरावर झाकण बसतं.
मालगाडी लांबलचक असते.
नीलव्वा पाटीवर ओला फडका टाकते, शेंगांवर,
तोंडावर नाही.

रजिस्टरात पत्त्याच्या रकान्यापुढं
मी पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायला लागले.
कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना दाखवलं,
ते म्हणाले, छान, पण पेन्सिलीला पुरावा म्हणत नाहीत.
टिंबं वाढतात. रस्त्याच्या कडेनं जातात,
वळणावर दाट होतात,
मुंग्यांना साखर कुठं आहे ते ठाऊक असावं तशी.

बाबा सांगतात, पूर्वी मे महिन्यात
गिरगावचे काका बेळगावला हवा खायला यायचे.
महिनाभर राहायचे, गाल वर काढून जायचे.
गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे आमच्या गावाला.
काका गेले. खायला येणारं कुणी उरलं नाही.
आम्ही मात्र खातोच आहोत.

काल सगळे गेल्यावर मी नवं तोंडाचं नळकांडं काढलं,
नाकाला चिमटा लावला आणि फुंकलं.
चौथ्या सेकंदाला थांबले.
दम संपला होता,
की ओरडायला समोर कुणी नव्हतं म्हणून?
आपण फुंकत असताना आपल्याला ओरडता येत नाही.
कागदावर आलं ते उलगडून पाहिलं नाही.
नाव लिहिलं नाही. पत्ता लिहिला,
पुढं टिंब दिलं.

मग स्कूटी काढली. गेट पडलेलं होतं.
नीलव्वानं हात केला. मी मान हलवली.
इंजिन चालूच ठेवलं.